सहाव्या बोअरचं सोनं

दगड कापायच्या शेडच्या दारावर पत्र्याची एक पाटी होती आणि पाटीखाली मामा. 'अंगावर सोनं घालून आत येऊ नये' असं पाटीवर लिहिलेलं होतं. पाट्या वाचायची माणसाला सवय नसते, म्हणून मामा होता. अंगठी, साखळी, कानातलं, जे असेल ते दाराशी ठेवलेल्या डब्यात काढून टाकल्याशिवाय तो कुणाला उंबरा ओलांडू देत नसे. एकदा मोठ्या साहेबांची बायको शेड बघायला आली, तर पठ्ठ्याने तिलाही बांगड्या उतरवायला लावल्या, आणि एक अडकली तेव्हा साबण स्वतः आणून दिला. त्या दिवसापासून कंपनीत त्याला सगळे जकातदार म्हणू लागले.

आणि या जकातदाराच्या डाव्या हातात, चिकटपट्टीच्या गुंडाळीखाली, तीन महिन्यांपासून सोन्याची अंगठी होती. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं म्हणतात. इथे पाषाण कोरडेही नव्हते, दिवसभर नळाच्या धारेखाली ते करवतीवर कापले जात होते.

नियम काही उगीच नव्हता. कंपनी डोंगरात शेकडो मीटर खोल बोअर मारायची आणि आतून दगडाच्या लांब कांड्या काढायची. मामा त्या कांड्या करवतीवर उभ्या चिरायचा. अर्धी चीर पेटीत राहायची, अर्धी पिशवीत भरून प्रयोगशाळेत जायची. टनभर दगडात दोन ग्रॅम सोनं निघालं तरी लोक टोप्या उडवतात, असा हा धंदा. तिथे अंगठीचा एक ओरखडा दगडावर उमटला, तर भिकारी दगड सावकार होऊन बसतो.

हे सगळं मामाला तोंडपाठ होतं. म्हणून तर त्याला अन्न गोड लागेना.

अंगठी दिली होती भाचीने. बहीण गेल्यावर सहा वर्षांची पोर मामाच्या घरी आली, ती मामा-मामीचीच होऊन गेली. शिकली, दगडांचीच शिकली, आणि मामा करवत चालवत होता त्याच कंपनीत भूवैज्ञानिक म्हणून लागली. तीन महिन्यांपूर्वी ती कायम झाली. कायम झाल्यावरच्या पहिल्या पगाराच्या दिवशी कॅन्टीनमध्ये सगळ्यांसमोर तिने मामाचा हात ओढला आणि अंगठी बोटात सरकवली. अकरा वर्षं गार पाण्यात राहून मामाच्या बोटांचे सांधे गाठीसारखे सुजले होते. अंगठी सांध्यावर अडली. तिने जोर लावला, मामाने दात आवळले, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि अंगठी पलीकडे गेली.

संध्याकाळी ती निघेना. तेल झालं, साबण झाला, दोरा गुंडाळून झाला.

"माझी अंगठी लग्नानंतर आठ दिवसांत हरवलीत," मामी म्हणाली, "आणि ही मेली निघत नाही! बोटांनाही माणसं कळतात वाटतं."

"उद्या वर्कशॉपातल्या मिस्त्रीकडून कापून घेतो."

"घ्या. आणि पोरीला काय सांगाल? तू दिलेली वस्तू एक दिवस टिकली म्हणून?"

उद्याचा परवा झाला. मामाने बोटावर चिकटपट्टी गुंडाळली. भाचीने विचारलं तेव्हा "बोट कापलंय जरासं" म्हणाला, आणि अंगठी कुठाय विचारलं तेव्हा "कपाटात, तुझ्या आईच्या फोटोपाशी" म्हणाला. एक खोटं दडवायला दुसरं लागतं, तसं ते लागलं. पट्टी पाण्याने तासाभरात सुटायची, मग तो ती वर सरकवायचा. करवतीवर हातमोजे घातले तर फुटकी कांडी निसटते, म्हणून डावा हात कायम उघडा. एका अंगठीने काय होतंय, असं त्याने मनाला सांगितलं, आणि मनाने ऐकलंही.

मग सहाव्या बोअरचा रिपोर्ट आला.

आधीच्या पाच बोअरमध्ये सांगण्यासारखं फारसं काही नव्हतं. पश्चिमेच्या टेकडीवरच्या चौथ्यात थोडं तांबं, त्याच्या जोडीला चिमूटभर सोनं, बस. कंपनीची थैली आटत आली होती. आता एकच खोल बोअर मारायचा आणि त्यात काही निघालं नाही तर गाशा गुंडाळायचा, असं वरून आलं होतं. तीस माणसांची घरं त्या एका बोअरवर टेकलेली. तो कुठे मारायचा हे ठरवायला समिती शुक्रवारी येणार होती. आणि सोमवारी सहाव्या बोअरचे आकडे आले. टनामागे एक ग्रॅम, दोन ग्रॅम, एका ठिकाणी तर चार!

भाची धावतच शेडमध्ये आली. दारात थांबून रिकामे कान दाखवले आणि मामाच्या गळ्यात पडली.

"मामा, सोनं! पूर्वेच्या बाजूला!"

 मामा हसला, पण ते हसू त्याचं त्यालाच परकं वाटलं.

"आणि तांबं?" त्याने विचारलं.

"तांबं नाही. तीच तर गंमत आहे!"

मामा न शिकलेला असला तरी बहिरा नव्हता. दोन वर्षं रोज जेवताना भाचीने त्याला जमिनीच्या पोटातल्या गोष्टी सांगितल्या होत्या. समुद्राचा तळ हळूहळू जमिनीखाली जातो आणि जाताना पाणी घेऊन जातो. ते पाणी खालच्या तापलेल्या दगडात शिरलं की दगड लवकर वितळतो, आणि तो ओला शिलारस वर चढू लागतो. त्याच्याच वर ज्वालामुखींची रांग उभी राहते. त्या रसात तांबं असतं, सोनं असतं आणि गंधकही असतं. गंधक हा वाटेतला चोर. रसात ऑक्सिजन भरपूर असेल तर त्याचे हात बांधलेले राहतात. नसेल तर तो खोलवरच धातू पकडून खाली बसतो, आणि वर येतो तो नुसता ओसाड दगड.

"आणि चोराचा पहिला हात सोन्यावर," ती म्हणाली होती. "तांब्यावर नंतर. म्हणून रस लुटला गेला असेल तर आधी सोनं गायब होतं. जो रस सुखरूप वर पोचतो त्यातलं पाणी वरती आल्यावर वेगळं होतं. कुकरची शिटी उडाली की वाफ कशी सुसाट निघते, तसं ते फटींतून निघतं आणि जाताना तांबं-सोनं दोन्ही घेऊन जातं."

"म्हणजे सोनं आणि तांबं एका ताटात जेवतात," मामाने तेव्हा म्हटलं होतं, आणि भाचीला ते इतकं आवडलं की तिने वहीत लिहून घेतलं.

मग आता एकाचंच ताट कसं मांडलं गेलं?

भाचीकडे उत्तर तयार होतं. कधीकधी ते गरम पाणी आणखी वर जातं, निवतं, आणि सोनं वरच्या अंगाला टाकून देतं. तांबं खालीच राहतं. म्हणजे सहाव्या बोअरने फक्त छप्पर गाठलं, तांब्याचं कोठार त्याच्या खाली आहे. मोठ्या साहेबांनाही हे पटलं होतं. खोल बोअर पूर्वेलाच मारायचा, आणि शुक्रवारी समितीपुढे हे सगळं भाचीनेच मांडायचं. वयाच्या सव्विसाव्या वर्षी! मामाने तिच्या डोळ्यांतला आनंद बघितला आणि त्याला वाटलं, आपल्याला उगीच भास होतोय. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. सोनं असेलही. डोंगरांना काय आपल्याला विचारून सोनं ठेवायचंय?

गुरुवारी दुपारी तिने मोठा नकाशा शेडमधल्या लांब टेबलावर पसरला, कारण तिच्या टेबलावर तो मावत नव्हता. सहाव्या बोअरच्या साठ पेट्या एकीखाली एक रेखाटल्या होत्या. जिथे सोनं तिथे लाल रंग.

"बघ, सोनं कुठे आहे? जिथे गारगोटीच्या शिरा आहेत आणि दगड फुटलेला आहे, बरोब्बर तिथेच. अठ्ठावीस पेट्या. पाणी फटींतून गेलं, सोनं फटींत बसलं."

मामाने पाहिलं. फुटलेला दगड करवतीच्या पकडीत बसत नाही, तो हाताने दाबून धरावा लागतो. आणि गारगोटी ही दगडांमधली कानस. लाल रंग गारगोटीचा होता की त्याच्या डाव्या हाताचा?

"आणि हे मध्येच पांढरं काय?" त्याने विचारलं.

"एकतीस ते सदतीस. इथेही शिरा आहेत, दगड फुटलेलाही आहे, पण सोनं शून्य. साहेबांनी त्याला 'वांझ टप्पा' नाव दिलंय. नंतर दुसरा रस घुसला आणि सोनं पुसून गेला, असं आमचं म्हणणं. छान बसतं ना?"

छान बसत होतं. मामा मात्र तिथेच स्टुलावर बसला. एकतीस ते सदतीस. त्या आठवड्यात त्याच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं आणि करवतीवर मिस्त्री उभा होता. मिस्त्रीच्या बोटात काहीही नव्हतं, आणि हातात रबरी मोजे होते, कारण तो भित्रा. साहेबांचा वांझ टप्पा म्हणजे मामाची रजा होती.

"मामा, घाम का आलाय तुला?"

"उकडतंय," तो म्हणाला. बाहेर वारा सुटला होता.

त्या संध्याकाळी भाचीने पलंगावर तीन पोशाख मांडून मामीला कोणता घालू विचारलं. शेवटी करडा ठरला. मामीने तिच्या आईची सोन्याची कर्णफुलं काढून दिली आणि मोठ्या मीटिंगला कान ओकेबोके बरे दिसत नाहीत म्हणाली. मामा ताटावर बसून भात चिवडत होता. दोनदा त्याने तोंड उघडलं. पहिल्यांदा मामीने लोणचं हवंय का विचारलं. दुसऱ्यांदा भाची म्हणाली, "मामा, उद्या सुरुवातीलाच मी तुझं वाक्य सांगणार आहे. एका ताटात जेवतात ते. हसतील सगळे, म्हणजे माझी भीती मोडेल."  मामा पाणी प्यायला आणि उठला.

सांगितलं तर पोरीचं पहिलंच मोठं काम तिच्या तोंडावर पडतं. नाही सांगितलं तर शेवटचा बोअर अंगठीच्या शोधात डोंगरात शिरतो, आणि डोंगर पोखरून उंदीरही निघत नाही. मग तीस घरं, आणि त्या तिसांत तीही. आणि जन्मभर तिच्या नावापुढे लागणार की, पूर्वेला खणा म्हणणारी ती हीच. मामाने पट्टी सोडून दिव्याखाली बोट धरलं. बोटाच्या वरच्या बाजूला अंगठी जशीच्या तशी होती, मिरवायला ठेवल्यासारखी. तळव्याच्या बाजूला ती झिजून तारेएवढी झाली होती. हाताच्या काकणाला आरसा कशाला?

शुक्रवारी सकाळी मिस्त्रीच्या वर्कशॉपचं दार उघडायच्या आधीच मामा बाहेर उभा होता.

"ही काप. कानशीने नको, करवतीने नको. कण सांडता कामा नये. कटरने काप."

मिस्त्रीने बोट पाहिलं, मग मामाचं तोंड पाहिलं. "जकातदार," तो म्हणाला, "तूच?"

"काप आधी. मग तोंड चालव."

कटरचा एक दाब आणि झालं. पातळ झालेली अंगठी कट असा आवाजही न करता तुटली. बोटावर पांढरा, ओलसर कातडीचा पट्टा उरला. मामाला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. 

भाची शेडमध्येच होती. करडा पोशाख, हातात कागद, आणि शेवटचा आढावा घ्यायला सहाव्या बोअरच्या पेट्या उघडलेल्या. इतकी घाईत होती की कानांतली कर्णफुलं दारात काढायची राहून गेली होती. आणि आज दारात ते सांगायला कुणी नव्हतं.

मामाने मूठ उघडली.

तिने आधी अंगठी पाहिली, मग बोट पाहिलं. मग तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला, आणि तो उतरताना बघणं मामाच्या नशिबी आलं.

"कपाटात होती ना?"

"नाही."

"पूर्ण सहावा बोअर?"

"एकतीस ते सदतीस सोडून. तेव्हा मी डोळ्याच्या दवाखान्यात होतो."

तिने हातातले कागद खाली ठेवले. टेबलाखालून नमुन्यांचा नाजूक तराजू काढला. पर्समधून सोनाराची चिठ्ठी काढली, ती तिने पहिल्या पगाराची आठवण म्हणून जपून ठेवली होती. चिठ्ठीवर पाच ग्रॅम. तराजूने सांगितलं, चार पूर्णांक छत्तीस. मग तिने कागद उलटा केला आणि मागे हिशेब मांडला. लाल रंगाचे एकशे बारा नमुने. प्रत्येक तीन किलोचा. टनामागे सरासरी एक पूर्णांक तीन ग्रॅम. पेन्सिल थांबली.

"चव्वेचाळीस," ती म्हणाली. "एक ग्रॅमचे शंभर भाग केले तर त्यातले चव्वेचाळीस. हे एवढंच सोनं आहे सहाव्या बोअरमध्ये. आणि तुझ्या अंगठीतून चौसष्ट गेलंय. उरलेलं वीस नळाच्या पाण्याबरोबर गटारात."

"म्हणजे बसतं," मामा म्हणाला.

"छान बसतं!" ती ओरडली. त्या पत्र्याच्या शेडमध्ये तिचा आवाज घुमला. "तीन वेळा फेरतपासणी केली, तिन्ही वेळा वेगळा आकडा आला, आणि साहेब म्हणाले सोनं भरड असलं की असंच होतं, आणि मी मान डोलावली! मी चार दिवस झोपले नाही मामा, त्या वांझ टप्प्यावर सात पानं लिहिलीत मी! निघत नव्हती तर सांगायचंस ना! मी स्वतः कापली असती!"

"निघत नव्हती हे खरं," मामा म्हणाला. "पण काढायची नव्हती, हेही खरं. तू घातलेली होती."

बाहेर गाडीची दारं आपटली. समिती आली होती. भाचीने तुटलेली अंगठी नमुन्याच्या पिशवीत टाकली, पिशवीला चिठ्ठी लावली आणि मामाकडे न बघता चालू लागली. तो मागे गेला नाही. कोणत्या तोंडाने जाणार? मीटिंगच्या खोलीच्या बाहेर, भिंतीला टेकून, बिडी न पेटवता तोंडात धरून उभा राहिला. आतून साहेबांचा आवाज चढलेला ऐकू आला. 

शेवटी दार उघडलं आणि साहेबांनी बोटाने त्याला आत बोलावलं. तोंडाने बोलावण्याच्या ते पलीकडे गेले होते.

टेबलाच्या टोकाला पांढऱ्या केसांच्या एक बाई होत्या. त्यांच्यापुढे नकाशा आणि नकाशावर ती पिशवी.

"रिपोर्ट आमच्या माणसांनी वाचला, साहेबांनी वाचला, हिने वाचला," बाई म्हणाल्या. "शंका फक्त तुम्हाला आली. अंगठी तुमची म्हणून?"

मामाने हात मागे घेतले. "अंगठीची भीती होतीच, बाई. पण हिनेच शिकवलंय, सोनं आणि तांबं एका ताटात जेवतात. इथे सोनं येऊन बसलं आणि तांबं जेवायलाच आलं नाही. मग म्हटलं, हे सोनं खालून आलेलंच नसेल. वरून वाढलेलं असेल."

कुणीतरी हसलं. भाची हसली नाही. बाईंनी नकाशावरचं बोट उचलून पश्चिमेच्या टेकडीवर ठेवलं.

"आणि चौथ्या बोअरमध्ये? तिथे दोघं आले होते ना जेवायला?"

"थोडेच आले होते," भाची पहिल्यांदाच बोलली.  "पण बरोबर आले होते. तिथला दगड लोहचुंबकाला चिकटतो, म्हणजे ऑक्सिजन भरपूर होता. काळ्या सुयांसारखे खडे आहेत, म्हणजे रस ओला होता. मी ते पहिल्या महिन्यातच लिहिलं होतं. मग हे सोनं आलं आणि मीच ते पान मागे टाकलं."

तासाभराने निकाल लागला. पूर्वेचा बोअर थांबला. सहाव्याच्या उरलेल्या अर्ध्या चिरी दुसऱ्या माणसाने पुन्हा कापून तपासायच्या. त्या शून्य आल्या, तर शेवटचा बोअर पश्चिमेला, आणि तिथे काय निघेल याची हमी कुणीच देत नाही. मामाची करवत आजपासून बंद. नोकरी ठेवायची की नाही ते साहेब ठरवतील, आणि साहेबांच्या डोक्यात अजून त्यांच्या बायकोच्या बांगड्या असाव्यात.

मामा शेडकडे परतला. आत जायची त्याला बंदी नव्हती, पण पाय उचलेना. आत मिस्त्री करवतीपाशी रबरी मोजे चढवत होता. मामा पाटीखाली, आपल्या जुन्या जागी उभा राहिला, कारण दुसरी जागा त्याला ठाऊक नव्हती. पांढऱ्या पट्ट्याच्या जागी बोट हुळहुळत होतं.

भाची पेट्या मोजायला आली. करड्या पोशाखावर धूळ, डोळे लाल. कानांत तिच्या आईची कर्णफुलं तशीच होती. मामाला ती दिसली. अकरा वर्षांची सवय जिभेवर आली, आणि त्याने ती गिळली. आज तो कोण लागून गेला होता कुणाला काही उतरवायला सांगणारा? त्याने मान खाली घातली आणि वाट सोडून बाजूला झाला.

ती उंबऱ्यापाशी आली आणि थांबली. तो बाजूला झालेला तिने पाहिला.

मग तिने एक कर्णफूल काढलं, मग दुसरं. डब्याकडे तिने पाहिलंही नाही. मामाचा डावा हात ओढला, मूठ उघडली आणि दोन्ही त्याच्या तळव्यावर ठेवली.

"जकात घे, मामा," ती म्हणाली, आणि आत गेली.